भाडेकरूंचे हक्क : ५
करार नोंदवलेलाच हवा

गेल्या आठवड्यात आपण पागडीच्या घरांतील जुन्या भाडेकरूंचे संरक्षण पाहिले. मुंबई, ठाणे, पुण्यात आज नव्याने घर घेणाऱ्याला ते संरक्षण सहसा मिळत नाही. त्याच्या हातात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार पडतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे एजंट अगदी छातीठोकपणे सांगतात. हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आला, कारण त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ लागू होते. त्यानुसार भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतला म्हणजे नोंदणी होत नाही.

याच कलमात पुढे म्हटले आहे की नोंदवलेला करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरायचे, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. यावर कोणी म्हणेल, मग नोंदणी न केलेलीच बरी. हा सल्ला घातक आहे. हे झुकते माप मिळते ते प्रकरण न्यायालयात गेल्यावर, आणि मालकाने पुरावा आणला की तेही संपते. एक लाखाचे डिपॉझिट रोख देऊन बसलेल्या माणसाला ते परत मागताना कागदच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ नुसार लेखी लायसन्स करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदत संपूनही घर न सोडल्यास सक्षम प्राधिकारी ते रिकामे करून देतो आणि दुप्पट दराने भरपाई लावतो. म्हणजे नोंदणी मालकाच्याच सोयीची, असे वाटेल. ती त्याच्या सोयीची आहे, हे खरेच. पण तोच पुरावा मालकालाही बांधतो: ठरलेली रक्कम, ठरलेली मुदत, नोटिशीचा काळ त्याला मध्येच बदलता येत नाही. शिवाय मुदत संपल्यावरही त्याला प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, परस्पर कुलूप बदलायचा अधिकार त्याला मिळत नाही.

खर्चाची सबबही टिकत नाही. महिना वीस हजार भाडे आणि एक लाख डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क सहाशे रुपयांच्या आत बसते. शहरात नोंदणी फी एक हजार. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. तेव्हा टोकन देण्याआधीच नोंदणीची तारीख ठरवून घ्या, डिपॉझिट बँकेतूनच द्या, आणि सूची २ ची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत मागून स्वतःजवळ ठेवा.