जुनी मालवाहू गाडी घेताना : आधी भार पाहा, मग ॲव्हरेज

नेरळच्या बाजारपेठेत किराणा, फर्निचर, वेल्डिंग, भंगार, फळे, कोंबड्या असा कोणताही धंदा असो, एक खर्च सर्वांना सारखाच छळतो, तो म्हणजे भाड्याच्या टेम्पोचा. कल्याण-उल्हासनगरहून माल आणायचा, कळंब-कशेळेच्या गावांत पोहोचवायचा, कर्जत-खोपोलीला तयार माल द्यायचा. महिनाअखेर हिशेब केला की नफ्यातला मोठा वाटा भाड्यात गेलेला दिसतो. मग आपली स्वतःची गाडी असावी, असे मनात येते. नवी गाडी घ्यायची तर हप्ते आणि त्यावरचे व्याज. व्याज टाळू इच्छिणारे आपले अनेक बंधू साठवलेल्या रोख रकमेतून जुनी गाडी पाहतात. अशा वेळी गाडी चुकली तर बँकेचे नव्हे, घरातले पैसे बुडतात. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" आमच्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा : एका फेरीत माझा माल किती किलो, आणि रस्ता कोणता?

याचे उदाहरण नेरळच्या स्टेशनातच उभे आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी माथेरानची छोटी रेल्वे 1907 साली सुरू केली, तेव्हा कुठली तरी तयार इंजिने आणून रुळावर ठेवली नाहीत. घाटातील तीव्र वळणांत ज्यांचे आस वळणाबरोबर सरकतील अशी इंजिने जर्मनीच्या कारखान्यातून आणली. आधी घाट पाहिला, मग इंजिन निवडले. आपणही तेच करायचे आहे.

हिशेब कसा मांडावा

समजा, नेरळच्या एका सुतारकाम करणाऱ्या बंधूचा माल फेरीला 400 ते 500 किलो असतो. कल्याणपर्यंत जाऊन-येऊन 80 किलोमीटर आणि महिन्यात 20 फेऱ्या धरल्या तर 1600 किलोमीटर होतात. डिझेल हिशेबापुरते 90 रुपये लिटर धरू. लिटरला 18 किलोमीटर देणाऱ्या लहान गाडीला महिन्याला 8,000 रुपयांचे डिझेल लागेल. 12 किलोमीटर देणाऱ्या पिकअपला 12,000 रुपयांचे. फरक महिन्याला 4,000, म्हणजे वर्षाला 48,000 रुपये. येथे लहान गाडीच योग्य.

आता सिमेंट-लाद्यांचा व्यापारी घ्या. त्याचा माल फेरीला 1200 किलो. लहान गाडीला तो दोन फेऱ्यांत आणावा लागेल, म्हणजे 160 किलोमीटर आणि 800 रुपये. पिकअप एकाच फेरीत 600 रुपयांत आणेल. शिवाय चालकाचा अर्धा दिवस वाचेल. जी गाडी सुताराला स्वस्त, तीच या व्यापाऱ्याला महाग. ॲव्हरेज कागदावर लिटरचे असते, धंद्यात ते फेरीचे मोजावे.

तिसरा प्रकार कमी वापराचा. महिन्याला फक्त 500 किलोमीटर धावणार असेल तर वरील दोन गाड्यांच्या डिझेलात 1,250 रुपयांचाच फरक पडतो. तेवढ्यासाठी खरेदीत लाख रुपये जास्त मोजले तर ते वसूल व्हायला 80 महिने लागतील. अशांनी ॲव्हरेजपेक्षा गाडीची तब्येत पाहावी.

कोणती गाडी कोणाला

2005 साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', 702 सी.सी.च्या दोन सिलिंडरच्या इंजिनावर निघाला. शक्ती सुमारे 16 अश्वशक्ती आणि वाहणी पाऊण टनाची. बदलापूर-कल्याणच्या सपाट रस्त्यावर हलक्या मालाला तो काटकसरीचा. अशोक लेलँडचा दोस्त (2011) तीन सिलिंडरचा असून सव्वा टनाच्या वर्गात येतो. बोलेरो पिकअपचे इंजिन अडीच लिटरचे. ती डिझेल जास्त पिते, पण भरलेला हौदा घेऊन चढ चढते. मारुतीची सुपर कॅरी (2016) पेट्रोल व सी.एन.जी.वर मिळते.

घाटाचे गणित वेगळे आहे. गाडी आणि माल मिळून दीड टन वजन नेरळहून 700 मीटर उंच चढवायचे तर नुसत्या उंचीपोटीच सुमारे लिटरभर डिझेल जळते. रस्त्याचे अंतर कापण्याचे डिझेल वेगळे. माथेरानकडे दस्तुरी नाक्यापर्यंत किंवा खोपोलीहून बोरघाटात नेहमी माल नेणाऱ्याने लहान इंजिनावर पूर्ण भार टाकू नये. पहिल्या गिअरमध्ये तासन्‌तास घुमणारे इंजिन डिझेलही खाते आणि क्लचही.

सी.एन.जी. स्वस्त पडते, पण तीन गोष्टी पाहाव्यात. पंप आपल्या रोजच्या वाटेवर आहे का, रांगेत किती वेळ जातो, आणि टाकीचे वजन मालातून वजा होते ते परवडते का. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचा दाखला मागून घ्यावा.

1 एप्रिल 2020 पासून विकल्या गेलेल्या बी.एस.-6 डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी जाळी असते. दिवसभर गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर ती चोंदते आणि तिची दुरुस्ती महाग असते. अशा वापराला डिझेलपेक्षा सी.एन.जी. किंवा पेट्रोल बरे.

गाडी पाहताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. धूर सतत काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर, नोझल किंवा पंपाचे काम निघेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, इंजिन उघडावे लागण्याची शक्यता. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे, ती गाडी सोडून द्यावी.

नंतर हौद्याखाली वाकून पाहावे. कोकणातील पाऊस आणि ओला माल यांनी लोखंड आतून खाल्लेले असते. चॅसीला नवे वेल्डिंग किंवा ताजा रंग असेल तर कारण विचारावे. कमानीला जादा पाटे टाकलेले असतील तर गाडीने वर्षानुवर्षे जादा भार ओढला आहे असे समजावे. मीटरवरील किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची झीज खरे सांगते.

चाके जॅकवर उचलून हाताने फिरवावीत. ब्रेक घासत असतील तर चांगले इंजिनही कमी ॲव्हरेज देते. हा दोष थोड्या खर्चात सुटतो, म्हणून भाव पाडायला तो उपयोगी.

शेवटी खरी परीक्षा. टाकी तोंडापर्यंत भरावी, आपल्या नेहमीइतका माल घालून आपल्याच रस्त्यावर 50-60 किलोमीटर न्यावी, त्यात एक चढ असावा. परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरावी. जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागावे. विकणारा याला तयार नसेल तर त्याचा अर्थ उघड आहे. विश्वासातला मेकॅनिक सोबत न्यावा, पण दलालाने सुचवलेला नको.

कागद

पैसे देण्यापूर्वी आर.सी., विमा, पासिंग, पी.यू.सी. आणि थकलेले ई-चलन तपासावे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून बरीच माहिती मिळते. बँकेचा बोजा असेल तर तो नमुना 35 ने उतरवल्याशिवाय विसारापलीकडे रक्कम देऊ नये. नावावर करण्यासाठी नमुना 29 व 30 लागतात. विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यावा. नुसत्या सहीच्या कोऱ्या फॉर्मवर गाडी चालवत राहणे फार धोक्याचे आहे.

आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे पासिंग दर वर्षी करावे लागते आणि पर्यावरण कर लागतो. पंधरा वर्षांवरील गाडीच्या पासिंगचे शुल्क 2022 पासून फार वाढले आहे. स्वस्तात मिळणाऱ्या जुनाट गाडीच्या किमतीत हे धरावे. दुसरीकडे, एकूण वजन 3000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. तसेच हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

ज्यांना आपली जुनी गाडी विकायची आहे त्या बंधूंनाही एक सांगणे. ऐब लपवून चार पैसे जास्त मिळतील, पण नेरळसारख्या गावात घेणारा उद्या पुन्हा समोर येणार आहे. दोष सांगून भाव ठरवावा.

आणि घेणाऱ्याने घाई करू नये. एक महिना भाड्याच्या टेम्पोच्या फेऱ्या वहीत लिहाव्यात : किती किलो, किती किलोमीटर, किती चढ. वही भरली की कोणती गाडी घ्यायची हे दलालाला विचारावे लागणार नाही.