थेट बिनतारी जोडणी : वाय-फाय डायरेक्ट आणि संपर्कजाळ्याची आज्ञावली

प्रस्तावना :
मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मालवण किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजेचे खांब कोसळले आणि वीजपुरवठ्यापाठोपाठ अनेक ठिकाणी मोबाईल सेवाही बंद पडली. मनोरा बंद म्हणजे शेजारी ठेवलेले दोन मोबाईलही परस्परांना मुके, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्यांच्यातील वाय-फाय संच मनोऱ्याविना व राउटरविना एकमेकांशी जोडले जाऊ शकतात. मात्र त्यासाठी आज्ञावलीत तशी सोय असावी लागते.

कार्यपद्धती :
वाय-फाय अलायन्स या संस्थेने ऑक्टोबर २०१० पासून ‘वाय-फाय डायरेक्ट’ उपकरणांना प्रमाणपत्र देण्यास प्रारंभ केला. या पद्धतीत प्रथम दोन्ही यंत्रे १, ६ व ११ या ठरावीक वाहिन्यांवर परस्परांचा शोध घेतात. त्यानंतर गटप्रमुख कोणी व्हावे याची बोलणी होतात. प्रत्येक यंत्र ० ते १५ या श्रेणीत आपली इच्छा कळविते. ज्याचा अंक मोठा, ते प्रमुख ठरते. दोघांनीही १५ हाच अंक कळविल्यास बोलणी फिसकटतात. प्रमुख यंत्र पुढे राउटरचे काम करते. कळ दाबून अथवा सांकेतिक अंक देऊन जोडणीस संमती दिली जाते आणि संदेश कूटबद्ध होतात.

आज्ञावलीतील समावेश :
ॲण्ड्रॉइडमध्ये ही सोय २०११ च्या ४.० आवृत्तीपासून आली. लिनक्समध्ये रेडिओशी संबंधित बोलणी ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ ही आज्ञावली करते. तिच्यावर देखरेख करणाऱ्या ‘नेटवर्क मॅनेजर’मध्ये मात्र ही सोय २०१९ च्या १.१६ आवृत्तीत आली. अडचण संकल्पनेची होती. नेहमीच्या जोडणीत राउटर स्थिर असतो व त्याचे नाव जतन करता येते. थेट जोडणीत शेजारी यंत्रे क्षणात दिसतात व नाहीशी होतात. शिवाय एकाच रेडिओला राउटरशी असलेला संबंधही सांभाळावा लागतो. म्हणून एकाच वाय-फाय संचासाठी आज्ञावलीत दुसरे, स्वतंत्र उपकरण कल्पावे लागले.

मर्यादा :
हा मनोऱ्याला पर्याय नव्हे. अनुकूल स्थितीतही पल्ला सुमारे २०० मीटर मानला जातो. भिंती व झाडी यांमुळे तो आणखी घटतो. मालवणच्या धक्क्यावरील मोबाईल समुद्रातील सिंधुदुर्ग किल्ल्यावरील मोबाईलशी असा जोडला जाणार नाही. गटप्रमुख निघून गेल्यास गट मोडतो, आणि संदेश एका गटातून दुसऱ्या गटात आपोआप जात नाही.

निष्कर्ष :
तथापि, निवारा केंद्रातील याद्या, रुग्णांच्या नोंदी वा पंचनाम्याची छायाचित्रे एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्यास हा पल्ला पुरेसा आहे. लिनक्सवरील वरील दोन्ही आज्ञावली मुक्त स्रोत असल्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळेत त्यांचा प्रत्यक्ष अभ्यास शक्य आहे. किनारपट्टीवरील विद्यार्थ्यांना हा सराव पुढील वादळापूर्वी मिळणे अगत्याचे ठरते.