एकटीनं चालवायची शिडाची होडी

आपल्याकडे होडी म्हटलं की गंगाखेडजवळची गंगा नाहीतर येलदरीचं धरण डोळ्यांपुढं येतं, आणि वल्हवणारा नेहमी दुसराच कुणीतरी असतो. आज आम्ही सांगणार आहोत ती होडी एकाच माणसाची. तिला शीड आहे, सुकाणू आहे, आणि बसायला जागा एकच.

तिचं नाव टू पॉइंट फोर मीटर. नावावर जाऊ नका, तो मोजणीच्या सूत्रातून आलेला आकडा आहे. होडीची लांबी सुमारे 4.2 मीटर, म्हणजे जेमतेम 14 फूट. वजन मात्र अडीचशे किलोच्या वर, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं! एवढं शिसं कशाला? रिकामी कळशी पाण्यावर सोडली तर ती आडवी लोळते. तळाशी वाळू घातली की उभी राहते, ढकलली तरी पुन्हा सरळ होते. तसंच होडीच्या पोटाखाली शिसं भरलेलं एक पातं असतं, त्याला कील म्हणतात. वाऱ्यानं शीड कललं तरी कील होडीला सरळ करते, आणि बाजूला घसरूही देत नाही. म्हणून वारा समोरून असला तरी घाटातल्या रस्त्यासारखी वळणं घेत पुढं जाता येतं.

बिनकीलच्या छोट्या होडीत तोल सांभाळायला माणसाला काठावर बसून अंग बाहेर झोकून द्यावं लागतं. तिथं ताकद हवी, पाय धड हवेत. या होडीत आपण खाली, पुढं तोंड करून बसतो. शिडाच्या सगळ्या दोऱ्या हाताशी येतात आणि सुकाणू पायानं किंवा हातानं, जसं जमेल तसं फिरवता येतं. आमच्या मते खरी गंमत इथं आहे. आपल्याला रोज उलटा अनुभव येतो. ट्रॅक्टरची सीट असो की फवारणीचा पंप, माप पुरुषाच्या धडधाकट शरीराचं, आणि जुळवून घ्यायचं आपण.

2000 ते 2016 ही होडी दिव्यांगांच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत होती. बाई-पुरुष वेगळे नव्हते, सगळे एकाच शर्यतीत. 2012 साली लंडनच्या स्पर्धेत ब्रिटनच्या हेलेना लुकास यांनी सुवर्णपदक जिंकलं. त्यांच्या हातांना जन्मापासून अंगठे नाहीत. 2016 नंतर शिडाच्या होड्यांचा खेळच पॅरालिम्पिकमधून काढला, ते आम्हाला पटलेलं नाही.

एकट्यानं शीड हाकणं आपल्याला अगदीच परकं नाही. कमांडर दिलीप दोंदे 2009 साली मुंबईहून निघाले आणि 2010 मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. त्यांची 56 फुटी ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधली होती. पुढं ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा जणींनी 2017-18 मध्ये, आणि दिलना व रूपा या दोघींनीच 2024-25 मध्ये तशीच फेरी केली.

छोट्या होडीच्या अडचणीही ऐका. कील मीटरभर खोल जाते, त्यामुळं ती आपल्या उथळ काठाला लागत नाही, धक्का लागतो. आत पाणी भरलं तर शिसं तिला तळाशी नेईल, म्हणून हवाबंद कप्पे आणि पाणी उपसायचा पंप असावाच लागतो. अंगात लाइफ जॅकेट तर हवंच. तेवढं एक मात्र येलदरीच्या साध्या होडीतसुद्धा मागून घ्या, आणि नाही मिळालं तर पाय आत टाकू नका.