तोंड येणे : रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांतील एक पीडा

कोणाचे तोंड आले की आपल्या घरांत ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून जाईची पाने चघळावयास देतात आणि चार दिवसांत तो विषय संपतो. रक्ताच्या कर्करोगावर औषधे घेणाऱ्या रुग्णाचे तोंड येणे ही मात्र अगदी निराळी गोष्ट होय.

केमोथेरपीची बहुतेक औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. तोंडाचे आतील अस्तर एक-दोन आठवड्यांत नवे होत असते. त्यामुळे कर्कपेशींबरोबर तेही होरपळते. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाग्रस्त मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यातही तोंडातील व्रणांची नोंद आहे. (हे औषध ज्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले तेथील संशोधनाचे प्रमुख भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे आमच्या हैदराबादच्या बंधूंना सांगावयास हवे.)

व्रण बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवशी दिसू लागतात व दोन-तीन आठवड्यांत भरतात. नेमक्या याच दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. वखारीची भिंत खचावी आणि त्याच रात्री रखवालदारही नसावा, तसे हे होते. तोंडातील जंतू सरळ रक्तात शिरतात. म्हणून ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेक वेळा खळखळून चुळा भराव्यात. उकळलेले पाणी आपल्या घरांत नित्याचेच आहे. ब्रश अगदी मऊ असावा. मद्यार्कयुक्त माउथवॉश, तंबाखू, मिश्री व सुपारी वर्ज्य. कच्ची पानेही चघळू नयेत. भेटीस येणारे आप्त प्रेमाने मोसंबीचा रस आणतात, तो व्रणांना झोंबतो. मऊ भात, मुगाचे कढण, पातळ खीर कोमट करून द्यावी. जिभेवर पांढरा थर दिसल्यास बुरशीचा संसर्ग असू शकतो, हिरड्यांतून रक्त येणे प्लेटलेट घटल्याचे चिन्ह असू शकते. दोन्ही डॉक्टरांस कळवावीत.

एक नाजूक प्रश्न उरतो. चौविहार पाळणारे वृद्ध रुग्ण सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. कोरड्या तोंडात वेदना वाढतात आणि रात्रीची औषधेही चुकतात. प्रत्याख्यानात समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत. उपचार सुरू होण्यापूर्वीच गुरुमहाराजांस विचारून घ्यावे, म्हणजे रुग्णाच्या मनावर ओझे राहत नाही.

मायलोमाच्या रुग्णास मूळपेशी प्रत्यारोपणापूर्वी मेल्फालन देताना तोंडात बर्फ धरावयास देतात. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व अस्तरात औषध कमी पोहोचते. मेथोट्रेक्सेटसारख्या रक्तात दीर्घकाळ राहणाऱ्या औषधांस मात्र हा उपाय लागू पडत नाही. किडके दात शक्यतो उपचारांआधीच दाखवावेत. मधल्या काळात कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीवाचून दात काढवू नये.