वजन कमी करायचंय? डाएट चार्ट घेण्याआधी देणाऱ्याची चौकशी करा

बेळगाव : ‘पंधरा दिवसांत पाच किलो कमी, नाही तर पैसे परत!’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर एकदाही आला नाही, असा माणूस आता शोधावा लागेल. पाठवणारा बहुधा ओळखीतलाच असतो. कुणाची वहिनी, कुणाचा जिममधला मित्र. नावापुढे ‘न्यूट्रिशनिस्ट’ किंवा ‘वेलनेस कोच’ लिहिलेलं. ओळखीचा म्हणून शिक्षण कुणी विचारत नाही आणि घोळ इथूनच सुरू होतो.

‘वेलनेस कोच’ ही काही पदवी नव्हे. चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून किंवा नुसती पावडरची एजन्सी घेऊनही हे नाव लावता येतं. आहारतज्ज्ञ म्हणजे डाएटिशियन होण्यासाठी मात्र न्यूट्रिशन, डाएटेटिक्स किंवा गृहविज्ञान अशा विषयांचं पदवी-पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. इंडियन डाएटेटिक असोसिएशन परीक्षा घेऊन ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ (आरडी) ही मान्यता देते. शिवाय केंद्र सरकारने २०२१ मध्ये आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञही आले. राज्य परिषदांनी अशा व्यावसायिकांची नोंदवही ठेवावी, अशी तरतूद त्यात आहे. तेव्हा ‘मॅडम, तुमचं शिक्षण काय? आरडी आहात का?’ असं विचारायला लाजायचं कारण नाही. दागिना घेताना हॉलमार्क बघतोच की आपण.

कागदापेक्षाही मोठी खूण पहिल्या भेटीतच दिसते. चांगला आहारतज्ज्ञ आधी विचारतो, मग सांगतो. थायरॉईड आहे का, बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या, पाळी नियमित आहे का, झोप किती, घरात स्वयंपाक कोण करतं, संकष्टी-एकादशीला काय खाता, अशी चौकशी करतो. रक्ताचे रिपोर्ट मागतो. उलट वजनकाट्यावर उभं करून दहा मिनिटांत छापील चार्ट हातात ठेवणारा तोच कागद पुढच्यालाही देणार असतो.

ही चौकशी जिवाशी संबंधित आहे. शुगरसाठी ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कुणी रात्रीचं जेवण बंद करून शेक घ्यायला लागला, तर साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपू शकते. म्हणून जेवण कमी करताना गोळीचं प्रमाण डॉक्टरांकडून तपासून घ्यावंच लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याला प्रोटीन पावडर भारी पडू शकते. आणि ‘तुमच्या गोळ्या बंद करा, आमच्या डब्याने शुगर जाईल’ असं सांगणाऱ्याकडून तर तिथूनच उठून यावं.

सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच असेल, तर सावध राहिलेलं बरं. सल्ल्याची फी वेगळी घेऊन ‘पावडर घ्यायचीच असेल तर कुठूनही घ्या’ म्हणणारा वेगळा, आणि महिन्याचा डबा घेतल्याशिवाय बोलायलाच तयार नसणारा वेगळा. हेल्थ सप्लिमेंटच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापणं बंधनकारक असतं. ती बारीक अक्षरांत असते, एवढंच.

मग वजन किती वेगाने उतरावं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग, आणि वजन कमी करण्याचा आहारही दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली जाऊ नये. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले तरी त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. जेवण पूर्ववत झालं की ते परत येतं. ‘पाच किलो’वाल्या जाहिरातीतले फोटो बहुधा त्याच आठवड्यातले!

सीमाभागात आणखी एक अडचण येते. चार्ट येतो इंग्रजीत, त्यात ओट्स, किन्वा, ब्रोकोली. घरात मात्र ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि आमटी-भात. असा चार्ट आठवडाभर फ्रिजवर चिकटून राहतो, मग गळून पडतो. भाकरी दोनऐवजी दीड, भात अर्धी वाटी, उसळ वाढवायची, सणाला कुंदा आलाच तर किती घ्यायचा, असं ताटातलंच बोलणारा माणूस हवा. ऑनलाइन सल्ला घेतानाही हेच बघावं, मग तो पुण्याचा असो की बंगळूरचा.

खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहार सल्ल्याची सोय आहे का, ते केसपेपर काढतानाच विचारावं. जाताना गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट आणि तीन दिवसांत काय-काय खाल्लं याची खरी यादी सोबत न्यावी. चहाबरोबरची बिस्किटंही त्यात लिहावीत.