फिरते घर आणि उतारवय : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

आश्विन लागला, महाकोशलातला पाऊस ओसरला, नर्मदेचे गढूळ पाणी निवळू लागले, की जबलपुरातील निवृत्त दांपत्यांच्या घरी प्रवासाचा विषय हमखास निघतो. गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, व्हेईकल फॅक्टरी, रेल्वे, विद्युत मंडळ किंवा हायकोर्ट यांच्या चाकरीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, अशा मंडळींपैकी कोणी कधी असाही मनोदय बोलून दाखवितात, की आपल्या मोटारीमागे निजण्याची, रांधण्याची आणि प्रातर्विधीची सोय असलेले एक लहानसे घर जोडावे आणि उभयतांनी शरद ऋतूतील काही दिवस नर्मदेच्या काठाकाठाने काढावेत. हा मनोदय प्रकट होताच आप्तेष्टांकडून ज्या शंका आणि जे सल्ले येतात, त्यांत कळकळ पुष्कळ असते. परंतु ज्या गोष्टींचे भय बाळगण्याचे कारण नाही त्यांचे भय घातले जाते, आणि ज्यांना खरोखर भ्यावयास हवे त्यांचा उच्चारही होत नाही. म्हणून या विषयातील रूढ समजुती एकेक घेऊन वस्तुस्थितीशी ताडून पाहणे इष्ट ठरते.

गैरसमज १ : ही परदेशातील तरुण, सुखवस्तू लोकांची हौस आहे.

केवळ विरंगुळ्यासाठी मुद्दाम बांधवून घेतलेले पहिले फिरते घर म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते ‘वाँडरर’ १८८५ साली इंग्लंडात तयार झाले. आणि त्याचे धनी विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे प्रकृतीच्या कारणास्तव ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले वैद्य होते. सुमारे दोन टन वजनाचे ते घर दोन घोडे ओढीत. म्हणजे या प्रथेचा उगमच सेवानिवृत्तीत आहे. आपल्याकडे शासनस्तरावरही तिला आता मान्यता आहे : मोटार कॅरव्हानच्या बांधणीसाठी ‘एआयएस १२४’ हे मानक आहे, आणि महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाची स्वतंत्र धोरणे जाहीर केली. जबलपूरकरांना तर ओढगाड्यांचे अप्रूप वाटू नये. १९०४ सालापासून येथील गन कॅरेज फॅक्टरीत तोफांचे गाडे घडत आले, आणि व्हेईकल फॅक्टरीतून बाहेर पडलेल्या शक्तिमान व जोंगा या गाड्यांनी सैन्याचे ट्रेलर देशभर ओढले. जड वस्तू चाकांवर चढवून सुखरूप मुक्कामी नेण्याची विद्या ज्या शहराने शतकाहून अधिक काळ जोपासली, तेथील निवृत्त कारागिराला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

गैरसमज २ : असा ट्रेलर कायद्याने निषिद्ध आहे.

या समजुतीच्या नेमकी उलट समजूतही तितकीच प्रचलित आहे : लोहाराकडून सांगाडा जोडवून घेतला आणि हुकाला अडकविला, की काम झाले. दोन्ही चुकीच्या आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हे स्वतःच एक ‘मोटार वाहन’ आहे. त्यास इंजिन नसले तरी त्याची नोंदणी आवश्यक ठरते. केंद्र शासनाच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहनांचे जे वर्गीकरण केले आहे, त्यात खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर यांचा समावेश बिगर-परिवहन वाहनांत आहे. शिवाय मोटारीला ट्रेलर जोडला एवढ्यानेच ती परिवहन वाहन होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी यांच्या खटल्यात दिला आहे. तेव्हा मज्जाव नाही. मात्र बंधने निश्चित आहेत. ट्रेलर मान्यताप्राप्त नमुन्याचा असावा लागतो, आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करण्यास अधिनियमाचे कलम ५२ प्रतिबंध करते. म्हणून खरेदीचा बयाणा देण्यापूर्वी विक्रेत्याकडून मान्यतेचा दाखला मागावा, मोटारीला हूक बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी, आणि विमा कंपनीस लेखी कळवून मोटार व ट्रेलर या दोहोंच्या विम्याची तजवीज करावी. क्रम उलटा झाला, तर अपघाताच्या प्रसंगी दस्तऐवजांतील उणीव नेमकी दाव्याच्या वेळी उघडी पडते.

गैरसमज ३ : साठी उलटली, की लायसनचे नूतनीकरण होत नाही.

अधिनियमात वाहनचालकाच्या वयाला वरची मर्यादा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस लायसन एका वेळी पाच वर्षांच्या मुदतीचे मिळते, आणि ते पुनःपुन्हा नूतन करून घेता येते. चाळिशीनंतर ‘नमुना १-अ’ मधील वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. मुदत संपून एक वर्ष उलटू दिले, तर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते. म्हणून तारीख लक्षात ठेवावी. त्या दाखल्याला निव्वळ उपचार समजू नये. दृष्टी, श्रवण, मान वळविण्याची क्षमता आणि औषधांमुळे येणारी गुंगी यांची प्रामाणिक तपासणी करून घेण्याची ती संधी आहे. आणि डॉक्टरांनी नकार दिला, तर तो आपल्याच नव्हे, तर सहधर्मचारिणीच्या आणि रस्त्यावरील अनोळखी माणसांच्याही हिताचा मानून स्वीकारावा.

गैरसमज ४ : या वयात एवढा मोठा प्रवास झेपत नाही.

या समजुतीला उत्तर देण्यासाठी दूर जावयास नको. जबलपूरचे चित्रकार, अध्यापक आणि लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, नर्मदेच्या काठाने पायी चालावयास आरंभ केला. आणि पुढे पंच्याहत्तरीच्या सुमारास पत्नी कांताबेन यांच्यासह ते त्याच काठांवर पुन्हा चालले. त्यांच्या उदाहरणातला सर्वांत अनुकरणीय भाग पुष्कळदा दुर्लक्षित राहतो, तो असा, की त्यांनी हे चालणे एका दमात केले नाही. सवड मिळेल तसे एकेक टप्पा चालावयाचे, घरी परतावयाचे आणि पुन्हा निघावयाचे, अशा रीतीने ते खंडशः पूर्ण केले. मोटारीने जाणाऱ्यांनीही हेच धोरण ठेवावे. पहिल्या खेपेस विसेक किलोमीटरवरील भेडाघाट आणि एक रात्र एवढेच पुरे, नंतर बरगी, त्यानंतर साधारण शंभर किलोमीटरवरील मंडला, आणि हात बसल्यावर कुंडम, शहापुरा, दिंडोरी या मार्गाने अमरकंटक. दर दोन तासांनी उतरून चार पावले चालणे, हे पायांतील रक्ताभिसरणासाठी आणि चालकाच्या अवधानासाठी सारखेच आवश्यक आहे.

गैरसमज ५ : मोटार दमदार असली, की मागे काहीही ओढता येते.

सर्व गैरसमजांत हा सर्वाधिक घातक आहे, आणि त्याविषयी आप्तेष्ट क्वचितच सावध करतात. इंजिनाची ताकद ट्रेलरला ओढून नेते. परंतु त्याला ताब्यात ठेवणे आणि थांबविणे ही कामे मोटारीचे स्वतःचे वजन, ब्रेक आणि टायर यांवर अवलंबून असतात. म्हणून निर्मात्याने पुस्तिकेत दिलेली ओढण्याची मर्यादा अनुल्लंघनीय मानावी, आणि नवशिक्याने भरलेल्या ट्रेलरचे वजन रिकाम्या मोटारीच्या ८५ टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये, हा युरोपातील प्रचलित संकेत पाळावा. पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलोचा बोजा, हे भरताना ध्यानात राहत नाही. त्यात गॅसची टाकी, बॅटरी, अंथरूण-पांघरूण, धान्य आणि लोणच्याच्या बरण्या यांची भर पडत जाते. ट्रेलर भरून झाल्यावर तो एखाद्या धर्मकाट्यावर एकदा तोलून घ्यावा.

वजन किती, याइतकेच ते कोठे ठेविले, याला महत्त्व आहे. ट्रेलरच्या एकूण भारापैकी सुमारे ५ ते ७ टक्के भार हुकावर यावा, अशी युरोपीय रीत आहे. हजार किलोच्या ट्रेलरला तो ५० ते ७० किलो होतो. अमेरिकेत हे प्रमाण याहून अधिक धरतात; परंतु मोटारीच्या हुकाला सोसेल तेवढाच भार त्यावर यावा, हे उभयत्र सारखे. जड जिन्नस चाकांच्या आसाजवळ आणि तळाशी असावेत. ते मागच्या टोकाला गेले, तर हूक हलका होतो, आणि वेग वाढताच मागचे घर डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागते. तराजूची दांडी एकदा डोलू लागली, की पारड्याला दिलेला प्रत्येक धक्का तिला अधिकच डोलवितो, तसेच येथे घडते : घाबरून सुकाणू उलटसुलट फिरविले की झोका वाढतो. अशा वेळी सुकाणू सरळ धरून, ॲक्सिलरेटरवरील पाय उचलून वेग आपोआप उतरू द्यावा. वेग साठाच्या आत राखला, तर हा प्रसंग सहसा येतच नाही. निघण्यापूर्वी सुरक्षा साखळी, मागचे दिवे, टायरांतील हवा आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक या चारही गोष्टी रोज सकाळी तपासाव्यात. ट्रेलर क्वचितच वापरला गेल्यामुळे टायरची नक्षी शाबूत राहते, पण रबर वयोमानाने चिरते. म्हणून त्याच्या निर्मितीची तारीखही पाहावी.

गैरसमज ६ : दसरा झाला, की पाऊस संपला आणि हवा सर्वत्र सुखद झाली.

जबलपूरच्या परिसरातून नैऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघार घेतो, हे खरे. परंतु बंगालच्या उपसागरातील वादळांचाही हाच काळ असतो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळलेल्या ‘हुडहुड’ वादळाचे अवशेष छत्तीसगड आणि पूर्व मध्यप्रदेशापर्यंत पाऊस घेऊन आले होते. म्हणून नदीपात्रालगतच्या सखल जागी मुक्काम टाकू नये, आणि वरच्या बाजूस धरण असेल, तर पाणी सोडण्याची सूचना विचारून घ्यावी. दुसरी गोष्ट उंचीची. जबलपुरात दुपारचे ऊन अजून चटका देत असते, तेव्हा हजार मीटरांहून उंचावर असलेल्या अमरकंटकात रात्री चांगलीच थंडी पडते. आणि ज्या चुकीतून प्राणावर बेतते, ती चूक अशाच रात्री होते. ऊब मिळावी म्हणून बंद ट्रेलरमध्ये कोळशाची शेगडी पेटविणे किंवा जनरेटर खिडकीशी चालू ठेवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात घेणे होय. या वायूला रंग नाही, गंध नाही, आणि निजलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. दोन रजया अधिक घ्याव्यात, झरोका उघडा ठेवावा; शेगडी मात्र आत कदापि नेऊ नये.

गैरसमज ७ : रात्री रस्ता मोकळा असतो, तेव्हा रात्रीच निघावे.

वयोमानाने डोळ्यांत शिरणारा प्रकाश कमी होतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर समोरच्या दिव्यांचा झोत अधिक दिपवितो. त्यातच दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि रस्त्यावर बसलेली गुरे यांची भर पडते. सिवनीकडून नागपूरला जाणाऱ्या महामार्गावर पेंचच्या अरण्यात रस्ता ठिकठिकाणी उंच उचलून खालून वन्यप्राण्यांना वाट करून दिली आहे. परंतु प्रत्येक वनमार्गावर अशी व्यवस्था नाही. सूर्योदयानंतर निघावे आणि दिवस मावळण्यापूर्वी चाकांना दगड लावावेत, हा नियम उतारवयात अपवादाविना पाळण्याजोगा आहे. वाटेत अडचण आल्यास राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ आणि अन्य आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. सत्तरी पूर्ण केलेल्यांनी आयुष्मान योजनेचे कार्ड जवळ बाळगावे. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता ते या वयाच्या नागरिकांना मिळते, आणि देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते.

गैरसमज ८ : घर आपले, तेव्हा वाटेल तेथे मुक्काम करता येतो.

घर आपले असले, तरी त्याखालची जमीन आपली नसते. कान्हासारख्या व्याघ्रप्रकल्पाचा गाभा पावसाळी बंदीनंतर १ ऑक्टोबरला उघडतो खरा, पण तो ठरावीक वेळी आणि परवानगीच्या वाहनातून पाहण्यासाठी. तेथे खाजगी ट्रेलर नेऊन राहता येत नाही. भेडाघाटला शरद पौर्णिमेच्या सुमारास नर्मदा महोत्सव भरतो; संगमरवरी कड्यांवरचे चांदणे पाहावयास इतकी गर्दी लोटते, की ट्रेलर वळविण्यास जागा राहत नाही. मुक्कामासाठी ट्रेलर घेऊन दोन-चार दिवस मागेपुढे जावे. कॅरव्हानसाठी सुसज्ज तळ आपल्याकडे अद्याप विरळा आहेत. तेव्हा पर्यटन मंडळाची निवासस्थाने, एखादी धर्मशाळा किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचे आवार यांची आगाऊ परवानगी घ्यावी आणि रीतसर मोबदला द्यावा. ट्रेलरमधील सांडपाणी व मैला यांची टाकी नदीत, नाल्यात किंवा शेताच्या बांधावर रिकामी करणे हा अपराध आहे. ज्या नर्मदेचे दर्शन घ्यावयास निघालो, तिच्याच पाण्यात आपली घाण सोडणे याहून मोठी कृतघ्नता नाही.

गैरसमज ९ : चालविणे हे पुरुषाचे काम, पत्नीने स्वयंपाकाचे पाहावे.

या समजुतीने प्रवासाचा आनंदच नव्हे, तर सुरक्षितताही निम्मी होते. ट्रेलर मागे घेताना सुकाणू उलट दिशेला फिरवावे लागते, आणि मागचा कोपरा चालकाला दिसत नाही. बाहेर उभे राहून ठरलेल्या हस्तसंकेतांनी दिशा दाखविणारा सोबती तेव्हा अपरिहार्य असतो. जोडणे, सोडणे, जॅक लावणे, गॅस बंद करणे आणि शक्य असल्यास चालविणेही उभयतांना आले पाहिजे, कारण एकाची प्रकृती बिघडली, तर दुसऱ्यालाच गाडी सुखरूप परत आणावयाची असते. मोकळ्या मैदानावर एखादी सकाळ हा सराव करण्यात घालविली, तर ती व्यर्थ जात नाही.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष इतकाच, की वय, कायदा आणि लोकापवाद या तिन्हींचे भय अनाठायी आहे; खरी दक्षता वजन, घाई, कोंडलेली हवा आणि परक्या जमिनीचा मान यांविषयी घ्यावयास हवी, आणि या चारही गोष्टी सर्वस्वी आपल्या हातातल्या आहेत. तीस-पस्तीस वर्षे हजेरीपटावर सही करून ज्यांनी शिस्त अंगी बाणविली, त्यांना ही दक्षता तरुणांपेक्षा अधिक साधते. तेव्हा ज्या दांपत्याच्या मनात हा विचार असेल, त्यांनी मुलांची संमती मागत बसण्यापेक्षा प्रथम डॉक्टरांचा दाखला, मोटारीची पुस्तिका आणि धर्मकाट्याची पावती यांची जुळणी करावी. ती जुळली, की शंका घेणाऱ्या आप्तांपुढे ठेवावयास त्यांच्याजवळ वादापेक्षा भक्कम उत्तर असेल.