न घासणारा डायनॅमो

आपले अंबरनाथ हे कारखान्यांचे शहर. दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, पूर्वीचा विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना, पुढे औद्योगिक वसाहत. पूर्वी रात्रपाळीचे कितीतरी कामगार सायकलने ये-जा करत. त्या काळी अनेक सायकलींना बाटलीच्या आकाराचा डायनॅमो असे. तुमच्या आजोबांना विचारा, त्याची घरघर त्यांना आठवत असेल.

या डायनॅमोची लहानशी चाकी टायरला टेकवली की ती टायरबरोबर फिरे. तिच्यामुळे आतील चुंबक फिरे. चुंबक म्हणजे उर्दूतील मक्नातीस. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले. परंतु चाकी घासल्यामुळे टायर झिजे आणि सायकल जड चाले. पावसाळ्यात ओल्या टायरवरून चाकी घसरे आणि ऐन अंधारात दिवा मिणमिणू लागे.

आता विचार करा. वीज चुंबक हलल्यामुळे तयार होते, घासल्यामुळे नव्हे. मग घासायचे कशाला?

हाच विचार करून नवे दिवे तयार झाले. एका प्रकारात चाकाच्या आऱ्यांवर चुंबक बसवतात आणि दिव्यासह वेटोळे चाकाच्या बाजूला पक्के करतात. प्रत्येक फेरीत चुंबक वेटोळ्याजवळून जातो, त्याला स्पर्श मात्र करत नाही. तरीही दिवा लागतो.

दुसऱ्या प्रकारात चाकावर काहीच बसवावे लागत नाही. ॲल्युमिनियमच्या रिमजवळ चुंबकांची छोटी चकती असते. रिम वेगाने जाऊ लागली की तिच्यात पाण्यातील भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात. तेही चुंबकासारखे वागतात आणि चकतीला ओढून फिरवतात. पोलादी रिमकडे मात्र चुंबक सरळ खेचला जातो. म्हणून आपल्या साध्या सायकलींना पहिलाच प्रकार बरा.

हे खरे वाटत नाही? मग ॲल्युमिनियमची एक नळी उभी धरा. तिच्यातून लोखंडाचा तुकडा सोडा, तो झटकन खाली येईल. आता तेवढाच शक्तिमान चुंबक सोडा, तो रेंगाळत उतरेल. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरीही त्याला कोणी अडवले? त्याच भोवऱ्यांनी!

मग ही वीज फुकट मिळाली का? नाही. ते भोवरे चाकालाही किंचित मागे ओढतात. ही वीज तुमच्या पायांच्या मेहनतीतूनच येते. पण जुन्या डायनॅमोचे दिवे सुमारे ३ वॅट वीज घेत, तर या छोट्या एलईडी दिव्यांना त्याहून पुष्कळ कमी लागते. म्हणून ओझे जाणवत नाही. काही दिव्यांत थोडी वीज साठवण्याची सोय असते. त्यामुळे सायकल थांबली तरी ते काही वेळ चमकत राहतात.

डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांवर याचा प्रयोग झाला. ज्यांच्या सायकलींवर असे दिवे रात्रंदिवस चालू होते, त्यांना इजा होणारे अपघात इतरांपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाले.

मित्रांनो, सायकलचा दिवा केवळ रस्ता दिसावा म्हणून नसतो. आपण दुसऱ्याला दिसावे म्हणूनही तो असतो. अंधाऱ्या रस्त्यावर ट्रकचालकाला तुमची सायकल दिसली नाही, तर चूक कोणाची हे ठरवून काय उपयोग? तुमच्या घरी सायकल असेल, तर तिचा दिवा लागतो की नाही, हे आज संध्याकाळीच पाहा.